हवेच्या फाइलीतून पाण्याच्या फाइलीत

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात टहरौली नावाची एक तहसील आहे. झाशी म्हटले की मराठी माणसाच्या मनात किल्ला, राणी लक्ष्मीबाई आणि १८५७-५८ चा संग्राम उभा राहतो. टहरौलीचे नाव मात्र त्याने बहुधा ऐकलेले नसते. मीही ऐकले नव्हते. काही वर्षांपूर्वी जलसंधारणाच्या कामांची पाहणी करण्यासाठी मला केंद्राकडून त्या जिल्ह्यात पाठविले गेले, आणि मे महिन्यातील एका दुपारी मी टहरौलीच्या बाजारालगत एका हातपंपापाशी उभा राहिलो.

खरे तर कार्यक्रमपत्रिकेत हा हातपंप नव्हता. दोन तळी आणि एक बंधारा पाहून आम्ही परत निघालो होतो. गाडी थांबलेली पाहून एक वृद्ध बाई पुढे आल्या. रिकामी घागर खाली ठेवून म्हणाल्या, "साब, जा पानी में तेल की बास आउत है. ढोर लौ नईं पियत." पाण्याला तेलाचा वास येतो, गुरेसुद्धा तोंड लावत नाहीत, एवढेच त्यांना सांगायचे होते. मी ओंजळीत पाणी घेतले. दिसायला ते अगदी नितळ होते. वास मात्र होता. फार उग्र नव्हे, पण चुकण्यासारखाही नव्हता.

सोबतच्या अभियंत्याने तत्परतेने मोबाइलवर तपासणी अहवाल दाखविला. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार, जिवाणू, सर्व मर्यादेत. "सर, पानी ठीक है," असा त्याचा निष्कर्ष होता, आणि अहवालापुरता तो बरोबरच होता. त्या अहवालात तेलाचा रकानाच नव्हता. जे तपासलेच नाही ते सापडणार कसे?

आसपास काय आहे ते मी पाहिले. थोड्या अंतरावर एक पेट्रोल पंप, त्याच्या अलीकडे ट्रॅक्टर दुरुस्तीचे एक दुकान, आणि एका टपरीत डिझेलची दोन पिंपे. यांपैकी दोषी कोण, किंवा या तिघांव्यतिरिक्त आणखी कोणी आहे का, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण त्या वासाने मला वीस वर्षे मागे, दिल्लीतील एका कार्यालयात आणि मी स्वतः लिहिलेल्या एका टिपणापाशी नेऊन सोडले. त्या टिपणाचा विषय होता एमटीबीई, म्हणजे मिथाइल टर्शरी ब्यूटाइल ईथर.

नाव अवघड असले तरी वस्तू समजायला सोपी आहे. मिथेनॉल आणि आयसोब्यूटिलिन यांच्या संयोगातून हे ईथर तयार होते. रंगहीन, पातळ, ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारे. त्याला दोन ठिकाणी मोठी मागणी असते. एक औषधे आणि रसायने बनविणाऱ्या कारखान्यांत, द्रावक म्हणून. आपण शाळेत शिकलेले साधे ईथर ३५ अंशांनाच उकळते आणि साठवणीत हवेशी संयोग होऊन त्यात स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात. एमटीबीईमध्ये ही खोड फारच कमी. १९८० च्या दशकात अमेरिकेतील डॉक्टरांनी ते नळीवाटे पित्ताशयात सोडून कोलेस्टेरॉलचे खडे विरघळविण्याचे प्रयोगही केले होते. त्याची दुसरी आणि फार मोठी मागणी पेट्रोलमध्ये असते.

पेट्रोलला त्याची गरज का पडली हे समजण्यासाठी शिशापासून सुरुवात करावी लागते. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटले की ठकठक आवाज होतो, शक्ती वाया जाते आणि इंजिन खराब होते. ही ठकठक टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे त्याचा ऑक्टेन अंक. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना असे आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, अगदी थोडे घातले तरी हे काम होते. स्वस्त आणि सोपा उपाय! पुढील पन्नासहून अधिक वर्षे जगभरच्या गाड्यांनी आपल्या धुरातून शिसे रस्त्यावर, मातीत आणि मुलांच्या रक्तात सोडले. शिशाचा मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो हे निर्विवाद झाल्यावर ते काढणे भाग पडले. शिशाचे पेट्रोल विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया; तेथे ते २०२१ मध्ये थांबले.

शिसे काढले तर ऑक्टेन कुठून आणायचा? या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे एमटीबीई. अमेरिकेत १९७९ पासून ते पेट्रोलमध्ये पडू लागले. त्याचा ऑक्टेन शंभराच्या बराच वर. शिवाय त्याच्या वजनात सुमारे १८ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे इंधन अधिक पूर्ण जळते आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. शुद्धीकरण कारखान्यातच करता येते, नळातून वाहून नेता येते, पेट्रोलशी सहज मिसळते. १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसने स्वच्छ हवेच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि सर्वांत प्रदूषित शहरांतील पेट्रोलमध्ये वजनाच्या किमान दोन टक्के ऑक्सिजन असलाच पाहिजे असे ठरविले. ही अट १९९५ पासून लागू झाली. एमटीबीईने ती पूर्ण करायची तर आकारमानाने सुमारे ११ टक्के एमटीबीई घालावे लागते. अनेक राज्यांतील कंपन्यांनी तोच मार्ग धरला.

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवितो. कायद्याला हवी होती स्वच्छ हवा. त्याने लिहून दिला तो घटक. 'धूर इतका असावा' असे म्हणण्याऐवजी 'इंधनात अमुक इतका ऑक्सिजन असावा' असे म्हटले. फलिताऐवजी कृती ठरवून दिली की ती कृती करणारा जबाबदारीतून मोकळा होतो, मग फलित काहीही येवो.

आणि फलित आले ते हवेत नव्हे, पाण्यात.

पेट्रोलमधील बहुतेक घटकांना पाण्याचे वावडे आहे. टाकीतून गळले तर ते मातीला चिकटतात, पाण्यावर तरंगतात, काही काळाने मातीतले जिवाणू त्यांचा फडशा पाडतात. एमटीबीई तसे नाही. एक लिटर पाण्यात ते चाळीस ग्रॅमहून अधिक विरघळते. मातीला ते धरत नाही. जिवाणू त्याला सहजी खात नाहीत. त्यामुळे गळतीतले बाकीचे पेट्रोल टाकीजवळ रेंगाळत असते तेव्हा एमटीबीई भूजलाच्या वेगाने पुढे निघून गेलेले असते. पाण्यात हवा फुंकून किंवा कोळशातून गाळून ते काढणेही इतर घटकांपेक्षा अवघड आणि महाग.

आता त्याच्या वासाचे थोडे गणित करू. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९७ मध्ये सुचविलेली मर्यादा अशी की एक लिटर पाण्यात २० ते ४० मायक्रोग्रॅमच्या खाली एमटीबीई असेल तर बहुतेकांना त्याचा वास किंवा चव जाणवणार नाही. खालची मर्यादा धरू. एक लिटर पेट्रोलमध्ये ११ टक्के एमटीबीई असेल तर त्याचे वजन साधारण ८१ ग्रॅम. ते सगळे पाण्यात गेले तर सुमारे ४० लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोचते. जल जीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या निकषाने हे दोन हजार वस्तीच्या गावाचे पाच आठवड्यांचे पाणी झाले. प्रत्यक्षात सगळेच पाण्यात जात नाही आणि सगळीकडे सारखे पसरतही नाही, हे मान्य. पण एका लिटरची ताकद किती, याचा अंदाज येतो.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराने हा अनुभव घेतला. १९९६ मध्ये त्या शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पाणीपुरवठ्याचा सुमारे निम्मा भाग गमवावा लागला. बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. शुद्धीकरण यंत्रणा उभारून त्या विहिरी पुन्हा नीट वापरात यायला सुमारे पंधरा वर्षे लागली. मार्च १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीई टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध मेथॅनेक्स या मिथेनॉल बनविणाऱ्या कॅनडाच्या कंपनीने उत्तर अमेरिकी व्यापार कराराखाली ९७ कोटी डॉलरचा दावा लावला. तो २००५ मध्ये फेटाळला गेला. त्याच वर्षी अमेरिकेने ऑक्सिजनची सक्ती काढली आणि २००६ मध्ये एमटीबीई तेथील पेट्रोलमधून जवळपास नाहीसे झाले.

ते विषारी होते का? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये असे ठरविले की माणसात त्याने कर्करोग होतो किंवा होत नाही असे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही. म्हणजे गाव सोडून पळावे असे ते विष नव्हते. तरीही टर्पेंटाइनसारखा वास येणारे पाणी कोणी आपल्या मुलाला देत नाही. 'फक्त वासच आहे ना' हे वाक्य कचेरीत बसून बोलता येते, नळाखाली भांडे धरून नाही.

यात मला सर्वांत बोधप्रद वाटते ती तारखांची उलटापालट. जमिनीखालच्या पेट्रोलच्या टाक्या गळतात हे अमेरिकेला आधीच ठाऊक होते. १९८८ मध्ये त्यासंबंधी नियम झाले आणि जुन्या टाक्या सुधारण्यासाठी दहा वर्षांची, म्हणजे डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत दिली गेली. ऑक्सिजनची सक्ती आली १९९५ मध्ये. पाण्यात सर्वाधिक विरघळणारा घटक टाक्यांत आधी ओतला गेला आणि टाक्या नंतर दुरुस्त झाल्या. हवा आणि पाणी ही दोन्ही खाती एकाच पर्यावरण संस्थेच्या छपराखाली होती, हे लक्षात घ्यावे. तरी हे घडले.

आता आमच्या फाइलीकडे येतो. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. हा आपल्या प्रशासनाचा एक मोठा आणि पुरेसा न गौरविला गेलेला पराक्रम आहे असे मी आजही मानतो. त्यासाठी शुद्धीकरण कारखान्यांना ऑक्टेनचे नवे स्रोत उभारावे लागले. इंडियन ऑइलच्या बडोद्याजवळील गुजरात रिफायनरीत १९९९ मध्ये एमटीबीईचा प्रकल्प सुरू झाला तो याच संदर्भात.

त्या दिवसांत मी दिल्लीतील एका कार्यालयात कनिष्ठ अधिकारी होतो. ऑक्टेनच्या निरनिराळ्या स्रोतांचा तुलनात्मक खर्च मांडणारे टिपण करण्यास मला सांगण्यात आले. अर्थशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या तरुण अधिकाऱ्याला याहून आवडीचे काम कोणते! एक ऑक्टेन अंक वाढविण्यास कोणत्या मार्गाने किती रुपये लागतात, परकीय चलन किती, भांडवल किती, याचे तक्ते मी मांडले. टिपण सहा पानांचे झाले. वरिष्ठांनी समासात शाबासकीचा शेरा मारला.

आमच्या कक्षात एक मराठी सहकारी होत्या, वयाने माझ्याहून लहान, रसायनशास्त्राच्या पदवीधर. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या आदेशाचे कात्रण आणून माझ्या मेजावर ठेवले.

"सर, हे पाण्यात विरघळतं. आपल्या पंपांच्या टाक्या किती जुन्या आहेत, याची नोंद कुठे मिळेल का?"

"अहो, ही हवेची फाइल आहे," मी म्हणालो. "पाण्याचं ज्यांच्याकडे आहे ते बघतील."

"पण त्यांना हे टिपण जाणार आहे का?"

त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काहीच बोललो नसेन. टिपणाच्या शेवटी ज्यांना प्रत पाठवायची त्यांची यादी होती. त्यात अर्थ होते, उद्योग होते, परिवहन होते. पाण्याशी संबंध असलेले एकही खाते नव्हते. ती यादी मीच केली होती. कात्रण फाइलीला लागलेच नाही.

एमटीबीई घेऊ नये असे मी तेव्हा लिहायला हवे होते, असे माझे म्हणणे नाही. शिशाच्या तुलनेत ते लाख पटीने बरे होते, आणि ते काढण्याची घाई योग्यच होती. पण 'हा घटक स्वीकारताना जमिनीखालच्या टाक्यांची तपासणी व्हावी आणि पंपांजवळच्या विहिरींचे पाणी तपासावे' एवढी एक ओळ लिहिता आली असती. त्या ओळीचा खर्च माझ्या तक्त्यात बसत नव्हता म्हणून ती लिहिली गेली नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात: व्यवहार दोघांचा आणि भुर्दंड तिसऱ्याला. एम. ए. च्या परीक्षेत या विषयावर मी चांगले गुण मिळविले होते.

टहरौलीची जमीन पाहिल्यावर त्या न लिहिलेल्या ओळीचे वजन अधिक जाणवले. बुंदेलखंड हा ग्रॅनाइटचा प्रदेश. वरची झिजलेली थोडी माती आणि मुरूम, खाली अखंड खडक. पाणी असते ते त्या मुरुमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. गंगेच्या मैदानात गाळाचे खोल थर असतात, पाण्याचा साठा विस्तीर्ण असतो. येथे तो तुटपुंजा आणि तुकड्यातुकड्यांत विभागलेला. म्हणूनच चंदेल राजांनी महोब्यात मदनसागर, कीर्तिसागर यांसारखी विशाल तळी बांधली. अशा खडकात गळलेले तेल कोणत्या भेगेतून कुठे जाईल हे सांगणे कठीण. शंभर पावलांवरची विहीर स्वच्छ राहील आणि दूरची बिघडेल. दख्खनच्या काळ्या पाषाणावर राहणाऱ्या आपल्या मराठवाड्यातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या हातपंपाचे पुढे काय झाले? मी दौऱ्याच्या अहवालात एक परिच्छेद लिहिला आणि संबंधितांना पत्रे गेली. उत्तरे यथावकाश आली. एका कार्यालयाने कळविले की पंपाचा परवाना वैध असून अग्निसुरक्षा समाधानकारक आहे. दुसऱ्याने कळविले की मापात खोट नाही. तिसऱ्याने कळविले की भेसळ आढळली नाही. चौथ्याने तोच जुना पाण्याचा अहवाल पुन्हा जोडला. सर्व उत्तरे खरी होती. वासाविषयी कोणी काहीच लिहिले नव्हते, कारण वास कोणाच्याच नमुन्यात नव्हता.

यात कोणा एकाचा दोष काढणे सोपे आहे, पण व्यर्थ आहे. आपल्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याची रचनाच पाहा. कोणत्या तापमानाला वाफ पेट घेते यावरून पेट्रोलियमचे वर्ग पाडले आहेत. कायद्याची नजर आगीवर आहे, आणि १९३४ मध्ये ती तेथे असणे स्वाभाविकच होते. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे आणि स्फोट व आगी टाळण्याचे तिचे काम मोलाचे आहे. मुरत जाणारे तेल मात्र पेट घेत नाही. दुसरीकडे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, खनिज तेलासाठी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण एमटीबीईसाठी वेगळी मर्यादा नाही. पेट्रोलच्या मानकात ईथरला मुभा, पाण्याच्या मानकात त्याचे नावही नाही. दोन्ही मानके एकाच ब्यूरोची!

जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, इस्पितळे आणि वस्ती यांपासून ५० मीटर अंतर, अडचण असल्यास जादा सुरक्षेसह किमान ३० मीटर, तसेच गळती रोखण्याचे उपाय, असे त्यांचे स्वरूप आहे. हे स्वागतार्ह पाऊल आहे. प्रश्न उरतो तो त्याआधीच्या पंपांचा आणि त्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांचा.

हा सगळा जुना इतिहास म्हणून सोडून द्यावा, असे वाचकांना वाटेल. पण तसे नाही. २००१ साली डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन इंधन धोरणासाठी समिती नेमली गेली. तिच्या २००२ च्या अहवालातील गाभ्याची शिफारस अशी की सरकारने धुराचे निकष आणि त्यांना साजेशी इंधनाची प्रत ठरवावी. कोणते इंधन किंवा कोणते तंत्र वापरावे हे लादू नये. अमेरिकेने ऑक्सिजनच्या सक्तीत जी चूक केली, तिचेच हे नेमके उत्तर होते.

त्याच २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे तीन पथदर्शी प्रयोग सुरू झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड येथे. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीला. माझे गाव मिरजेपासून फार लांब नाही, आणि उसाला चांगला भाव मिळेल या आशेने आमच्या घरातही तेव्हा आनंद झाला होता. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के, २०२२ मध्ये देशात सरासरी दहा टक्के, आणि २०२५ मध्ये वीस टक्के, असा हा प्रवास झाला. इथेनॉलनेही ऑक्टेन वाढतो, तेही ऑक्सिजन आणते, आयात वाचते, शेतकऱ्याला पैसा मिळतो. जमिनीत ते एमटीबीईसारखे टिकून राहत नाही. जिवाणू ते लवकर खातात. हे सर्व त्याच्या बाजूचे. पण संशोधकांना असेही दिसले आहे की जिवाणू इथेनॉल खाताना भूजलातील ऑक्सिजन संपवितात आणि त्यामुळे सोबत गळलेले बेंझीन अधिक काळ, अधिक दूर टिकू शकते. म्हणजे टाकी गळता कामा नये, हा धडा येथेही लागूच आहे.

आणि मोठा हिशेब तर वेगळाच आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात असे म्हटले आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल करण्यासाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. इथेनॉल आता मका आणि तांदळापासूनही होते, त्यामुळे हा आकडा सर्वच इथेनॉलला लागू नाही. तरी पुन्हा तेच: इंधनाची फाइल आनंदाने बंद होते आणि पाण्याच्या फाइलीत एक पान वाढते. मी इथेनॉलच्या विरुद्ध नाही. फक्त दोन्ही पाने एकाच मेजावर यावीत, एवढेच म्हणतो.

यासाठी काय करता येईल? तीस वर्षांच्या नोकरीनंतर मला सुचतात त्या गोष्टी साध्या आहेत:

१. इंधनात, खतात, शेतीच्या औषधांत कोणताही नवा घटक मोठ्या प्रमाणावर आणण्याच्या प्रत्येक प्रस्तावात एक सक्तीचा परिच्छेद असावा: 'हा पदार्थ वापरानंतर कुठे जातो?' हवेत, पाण्यात, मातीत की शरीरात. ज्या खात्याकडे तो जातो, त्या खात्याचे मत घेतल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ नये.

२. जमिनीखालच्या प्रत्येक इंधनटाकीचे वय, बनावट आणि शेवटच्या गळती तपासणीची तारीख यांची नोंदवही जिल्ह्यात असावी आणि ती ग्रामपंचायतीला पाहता यावी.

३. पंपांच्या परिसरातील विहिरी व हातपंप यांच्या पाण्यात वर्षातून एकदा तरी खनिज तेल, बेंझीन आणि एमटीबीई तपासावे. सर्वच गावांत नव्हे. जेथे पंप आहे तेथेच. खर्च फार नाही.

४. पाण्याच्या तक्रारीच्या नमुन्यात 'वास' असा स्वतंत्र रकाना असावा. सांता मोनिकाचा अनुभव सांगतो की हा पदार्थ आरोग्याची भीती ठरण्याआधी नाकाला कळतो. ज्या उपकरणाला वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही आणि जे प्रत्येक घरात आहे, ते आपण मोजमापातून का वगळावे?

गेल्या वर्षी त्या अहवालाचे काय झाले ते मी मुद्दाम विचारून घेतले. जुन्या हातपंपाचा दांडा काढून नेला आहे. बाजारापासून थोड्या अंतरावर, वरच्या अंगाला, नवी बोअर घेतली आहे. तिच्या पाण्याला वास नाही. फाइलीवर शेरा आहे: 'समस्येचे निराकरण झाले.' नियमानुसार त्यात चूक नाही, बाईंना पाणी मिळाले आहे आणि ते आधी हवेच होते. पण जुन्या हातपंपाखाली काय होते, ते कुठून आले आणि आता कोणत्या भेगेतून कोणीकडे निघाले आहे, हे त्या फाइलीत कुठेही नाही.

मी अधिकार नसताना एक पत्र लिहिले आहे. त्यात त्या पाण्याची आणि नव्या बोअरच्या पाण्याची तेलासाठी व ईथरसाठी तपासणी व्हावी अशी विनंती आहे. प्रत कोणाकोणाला पाठवायची, ही यादी या वेळी मी जरा लांब केली आहे.